आयरिश मेजवानी, मुक्काम शहागंज

१७ मार्चला, आयर्लंडच्या संत पॅट्रिकच्या पुण्यतिथीस, आयरिश थाटाची मेजवानी घरी देण्याचा संकल्प ज्या सद्गृहस्थांनी सोडला असेल, त्यांनी परदेशी मागणी न नोंदविता, निजामी अमदानीतील घड्याळ-मनोऱ्याच्या साक्षीने, खुशाल छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात उतरावे; पताका, झिरमिळ्या, बटाटे, कोबी, सर्व जिन्नस तेथे हजर आहेत. मात्र केवळ हिरव्याची फर्माईश करून परतू नये. १८४८ च्या मार्चमध्ये वॉटरफर्ड येथे फडकलेल्या आयरिश तिरंगी निशाणात हिरव्याच्या जोडीस नारिंगीही आहे; हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा, आणि मधला पांढरा पट्टा हा त्या उभय पक्षांतील सुलहनामा होय. हिरवा नि नारिंगी आमच्या शहरात बारमाही मुबलक. टंचाई आहे ती पांढऱ्याची. यजमानांनी प्रथम तोच खरेदी करावा.