फोनॉनदादा

संगणकावर पदार्थविज्ञान करणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये एक फोनॉनदादा असतोच. पीएचडीचं सहावं वर्ष, सर्व्हर रूमच्या एसीमुळे मे महिन्यातही अंगात स्वेटर, आणि माऊस वापरणाऱ्यांविषयी मनात कायमची अढी. बरोबरीचे पोस्टडॉकला जर्मनी गाठतात. दादा टर्मिनलच्या काळ्या पडद्यासमोर तसाच.

त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं. पहिल्या वर्षाची मुलगी विचारते, "दादा, फ्रीक्वेन्सी मिळाल्या, पण आयगनव्हेक्टर कुठे असतात?" सरळ उत्तर देईल तर तो दादा कसला! "डायनची फाईल शेवटपर्यंत वाचलीस?" आता ती शेवटपर्यंत कोण वाचतं? पण क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर ऐवज नेमका तळाशी ठेवतं. प्रत्येक फ्रीक्वेन्सीखाली दर अणूमागे एक ओळ, कंसात सहा आकडे: एक्स, वाय, झेड, आणि प्रत्येकाचा आधी वास्तव भाग, मग काल्पनिक. कोणता आकडा कशाचा, याची पाटी कुठेच नाही. दादाचं लॅबमधलं सगळं वजन या न लावलेल्या पाटीवर उभं आहे.

मुलगी खुशीत वळते, तोच मागून आवाज येतो, "पण ते आयगनव्हेक्टर नव्हेत हं!"

ही विस्थापनं. आयगनव्हेक्टरला वस्तुमानाच्या वर्गमुळाने भागून नॉर्मलाइज केलेली. मग दादा मीठ काढतो. सोडियम २३, क्लोरीन ३५.४५. ऑप्टिकल मोडमध्ये सोडियम ०.८३९, क्लोरीन उणे ०.५४४, हलका जास्त नाचतो. अकूस्टिक मोडमध्ये दोघेही ०.७०७. "आता दोन्हींचा डॉट प्रॉडक्ट घे." येतो ०.२१, यायला हवा शून्य. वर्गमुळाने परत गुणून नॉर्मलाइज केलं की ऑप्टिकलचे ०.७७९ आणि उणे ०.६२७, अकूस्टिकचे ०.६२७ आणि ०.७७९. शून्य!

"पण सिलिकॉनला माझं असंच बरोबर आलं होतं."

"दोन्ही अणू सारख्याच वजनाचे. नशीब तुझं."

त्याच सॉफ्टवेअरमधल्या मॅटडिन या प्रोग्रॅमच्या इनपुटमध्ये एक ओळ घातली की तो खरे आयगनव्हेक्टर स्वतःच वेगळ्या फाईलमध्ये लिहून देतो, हे दादा दुसऱ्या चहानंतर सांगतो. तो चहा अर्थात मुलीच्या पैशाने.

कुणाचे विस्थापनांचे बाण पेपरातल्या चित्राच्या उलट आले, तर दादा मान वर न करता म्हणतो, "सगळेच उलटे आहेत ना? मग मोड तोच." पण फ्रीक्वेन्सी उणे छापून आली की स्वारी खुर्ची ओढून बसते. उणे म्हणजे खरं तर काल्पनिक, म्हणजे बहुधा रचनाच अस्थिर. दुसऱ्याच्या स्फटिकातली अस्थिरता शोधताना दादाला जेवणाचं भान राहत नाही.

घरून फोन येतो. प्रबंध कधी देणार, मुलगी कधी बघायची?

"स्ट्रक्चर अजून रिलॅक्स झालेलं नाही गं, आई."