एसी जपणारे गुरुजी

चंदगड तालुक्यात गाडीचा एसी वापरून झिजत नाही, जपून जपून निकामी होतो. असे जपणारे गावोगाव एकदोन सापडतातच. त्यांचे मेरुमणी म्हणजे आमचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, घरची काजूची बाग, थोडा ऊस आणि दारात पांढरी गाडी. सीटवरचं प्लास्टिक अजून शाबूत आहे. एसीचं बटण तर काकूंच्या पाटल्यांसारखं, लग्नकार्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मार्चात कुणी एसी लावा म्हटलं तर गुरुजी विचारतात, ‘‘आत्ताच लावला तर मे महिन्यात काय करशील?’’ मे महिना आला की म्हणतात, ‘‘पहाटे निघू की, गार वारं असतं.’’ आणि जूनमध्ये आभाळ फाटलं की विषयच संपतो, ‘‘पावसात कोण एसी लावतो का?’’

मुळात दुखणं ॲव्हरेजचं. कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जिवावर फिरतो, त्यामुळे पेट्रोल थोडं जास्त जातं हे खरं. पण वाचलेल्या त्या पेट्रोलची गुरुजी मनातल्या मनात पंपावर एफडी करून ठेवत असावेत.

आता गंमत अशी, की चंदगडात एसीची खरी गरज लागते ती पावसातच. सह्याद्रीच्या माथ्यावरचा मुलूख. जून ते सप्टेंबर काचा वर करूनच गाडी हाकावी लागते. आत चार माणसांचे श्वास, ओले रेनकोट, ठिबकणाऱ्या छत्र्या. समोरच्या काचेवर वाफ धरते ती आतून, म्हणून वायपर कितीही नाचवला तरी उपयोग नाही. एसी चालू असला की ही दमट हवा थंड कॉइलवरून जाते, तिच्यातलं पाणी तिथंच गळून नळीवाटे गाडीखाली पडतं आणि कोरडी हवा काचेवर येते. दोन मिनिटांत रस्ता दिसायला लागतो.

गुरुजींच्या गाडीत हे काम काकू करतात. तिलारी घाट उतरताना बाहेर धुकं, आत वाफ, आणि शेजारच्या सीटवर काकू पंचा घेऊन सज्ज. ‘‘उजवीकडे पूस! अगं, तुझ्या उजवीकडे नव्हे, माझ्या!’’ दोघांची उजवी बाजू एकच, हे सांगायला काकूंना घाटात फुरसत नसते. काचेवर बटाट्याची फोड चोळली की वाफ धरत नाही असं गुरुजींना कुणीतरी सांगितलं. घरात बटाटा नव्हता, रताळ्यांचं पोतं होतं. मग रताळं चोळलं. वाफ धरायची ती धरलीच, वर मुंग्या आल्या.

शेवटी एका मे महिन्यात पुण्याचे व्याही आले आणि गुरुजींनी सढळ हाताने बटण दाबलं. जाळीतून भसाभस गरम वारा! ‘‘आधी गरमच येतं,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘मग गार होतं.’’ हलकर्णी मागे पडली, पाटणे फाटा आला. गार झालं ते फक्त गुरुजींचं बोलणं. व्याह्यांनी हळूच काच खाली केली.

दुसऱ्या दिवशी शिनोळीची हद्द ओलांडून स्वारी बेळगावात, एसीच्या मिस्त्रीकडे.

‘‘गॅस नाही ओ गुरुजी.’’

‘‘वापरलाच नाही, तर संपला कसा?’’

‘‘वापरून संपत नसतोय तो. बंद नळ्यांतनं गोल फिरत असतोय. नाही म्हणजे कुठंतरी लीक आहे की ओ.’’

मिस्त्रीने नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला, साबणाचा फेस लावत लावत कॉम्प्रेसरपाशी आला. पुढच्या तोंडाशी, क्लचच्या मागून, बारीक बारीक बुडबुडे. तिथलं रबरी सील सुकलं होतं. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, ते या सीलला ओलं ठेवतं; एसी महिनोन्‌महिने बंद राहिला की सील कोरडं पडतं आणि गॅस गुपचूप निघून जातो. एका मर्यादेखाली गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूही होऊ देत नाही.

‘‘नुसता गॅस मारून द्या,’’ गुरुजींनी घासाघीस सुरू केली. मिस्त्री खमका निघाला. गळकी कळशी भरून द्यायची नाही, असा त्याचा खाक्या. त्यातून हा आर-१३४ए गॅस. ओझोनला भोक पाडणारा जुना आर-१२ हा १९८७च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला. हा ओझोनच्या वाटेला जात नाही, पण हवेत सुटला तर धरती तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी. इतकी वर्षं परिसर अभ्यास शिकवलेले गुरुजी इथं जरा वरमले.

सील बदललं. मग व्हॅक्यूम पंप लावला, नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढायला अर्धा तास. ‘‘या अर्ध्या तासात भरणार काहीच नाही, उलट काढणार, आणि पैसे मी देणार?’’ हा प्रश्न मिस्त्रीने ऐकलाच नाही. गॅस भरायची वेळ आली तेव्हा मात्र गुरुजी सरसावून पुढे झाले. गॅस वजनावर भरतात. किती ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. साखर कारखान्याच्या काट्यावर मुरलेली ती नजर ग्रॅमाग्रॅमवर खिळली. आकडा बरोबर स्टिकरवरच्या आकड्याला थांबला, तरी म्हणाले, ‘‘वर थोडा घाला की, इतक्या लांबून आलोय.’’

‘‘जास्त झाला तरी कूलिंग मरतंय ओ!’’

निघताना मिस्त्रीने बजावलं, आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं एसी चालवा, पावसाळ्यातसुद्धा. गुरुजींनी ते शाळेच्या वेळापत्रकासारखं मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी गाडी अंगणातच चालू करतात, एसी लावतात आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून घड्याळ बघत बसतात. आत बसलं तर वापर होईल. गाडीखाली ठिबकणाऱ्या पाण्याला डबा लावलेला असतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी. दहा मिनिटं झाली की बटण बंद, वहीत तारीख आणि सही. हल्ली चंदगड स्टँडवर कुणी गाडीवाला भेटला की त्याला सीलवर व्याख्यानही देतात.

परवा काकूंना भर उन्हात कोवाडला माहेरी जायचं होतं. गाडीत बसताच त्यांनी बटणाकडे बोट नेलं. गुरुजी म्हणाले, ‘‘अगं, कालच रविवारी चालवलाय की!’’

काकू गाडीतून उतरल्या. ‘‘मग मी येत्या रविवारीच जाते. त्या दहा मिनिटांत कोवाडला पोचवा.’’