मा. निवडणूक वेळापत्रक यांस अनावृत पत्र



मतदाराला केंद्रापासून हुसकवायला लाठ्याकाठ्या लागतात, हा आमचा जुनाट समज. आपण तेच काम एका तारखेत उरकता, याबद्दल हिंगोली जिल्ह्यातर्फे अभिनंदन! २०२४ची विधानसभाच घ्या. सरकारने उसाच्या गाळप हंगामाला १५ नोव्हेंबरचा मुहूर्त दिला आणि आपण मतदान ठेवले २० नोव्हेंबरला. सेनगाव-औंढ्याकडचा ऊसतोड मजूर आगाऊ उचल घेतलेला. मुकादमाची गाडी आली की बिऱ्हाड निघते. मागे दाराला कुलूप आणि शेजारच्या भिंतीवर मतदानाचे आवाहन. यादीतून नाव काढले नाही, कुणाला दमही भरला नाही. केंद्रावर शाई हजर होती, बोट तेवढे उसाच्या फडात होते.

यावर आपले हितचिंतक म्हणतात, मजुरांनी जिथे जातात तिथेच नाव नोंदवावे. पण तात्पुरते बाहेर गेल्याने गावचा रहिवास संपत नाही, असे १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. शिवाय मजुराची कोपी म्हणजे झोपडी फडामागून फड हलते. रेशन, रस्ता, ग्रामपंचायत मात्र गावातच राहते. मग पगारी सुट्टी घ्यावी? १९५१च्या कायद्यात ती रोजंदारीवाल्यालाही आहे. पण नवरा-बायकोच्या कोयत्याला मजुरी टनावर. सुट्टीचा टन कोण भरणार? येण्याजाण्याचे भाडे वेगळेच. उमेदवाराने फुकट गाडी पाठवली, तर तो भ्रष्टाचार ठरतो. म्हणजे स्वखर्चाने येणे परवडत नाही आणि परवडेल तसे येणे कायद्यात बसत नाही.

मग मजूर असेल तिथेच मत घ्यावे. तसे लांबून मत घेतले तर मुकादमच बटण दाबायला लावेल, ही शंका मात्र रास्त आहे. निवडणूक आयोगाने १६ जानेवारी २०२३ला ७२ मतदारसंघांची सोय असलेले दूरस्थ मतदान यंत्र दाखवायला पक्षांना बोलावले, तेव्हा विरोधकांनी शंका काढल्याच. पण त्यावर उपाय म्हणजे कारखान्याच्या तालुक्यात केंद्र, पक्षांचे प्रतिनिधी आणि कडक गुप्तता. मत बुडवणे नव्हे. सैनिकाचे मत टपालाने येते, २०२४च्या लोकसभेला पंच्याऐंशी वर्षांवरच्यांसाठी पथक घरी गेले. म्हणजे मत मतदारापर्यंत जाऊ शकते. प्रश्न कुणासाठी जायचे एवढाच. आणि यंत्र येईपर्यंत निदान राज्यातले गाळप मतदानानंतर सुरू करायला तर कोणतेच यंत्र लागत नाही. हे जमेपर्यंत टक्का घसरला की 'मतदार उदासीन' हा शेरा तरी मारू नये.

कळावे. लोभ कारखान्यांवर आहेच. थोडा मतदारांवरही असावा.