वांगाची ट्यूब

गालावर वांग आले की बाई आधी डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमध्ये जाते. काउंटरवरचा पोरगा चेहऱ्याकडे एकदा बघतो आणि ट्यूब काढून देतो. "ताई, ही लावा, आठ दिवसांत फरक." फरक पडतो, हीच खरी पंचाईत. पडला नसता तर ट्यूब कचऱ्यात गेली असती आणि चेहरा वाचला असता.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात. हायड्रोक्विनोन कातडीतला रंग तयार होऊ देत नाही. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर लवकर बदलायला लावतं, त्यामुळे सुरुवातीला चुरचुरतं, पापुद्रे निघतात. ही चुरचुर दबावी म्हणून तिसरं, स्टिरॉइड. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञानं सहकाऱ्यासोबत 1975 साली हे मिश्रण मांडलं. औषध वाईट नाही. चांगले डॉक्टर आजही ते लिहून देतात, पण मुदत घालून. अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळालेल्या अशा क्रीममध्ये फ्लुओसिनोलोन हे सौम्य स्टिरॉइड 0.01 टक्का आहे आणि मुदत फार तर आठ आठवडे. आपल्याकडच्या कित्येक ट्यूबांमध्ये मोमेटासोन असतं, 0.1 टक्का. ते त्याहून बरंच जहाल. आणि मुदत? ट्यूब संपेपर्यंत. मग दुसरी ट्यूब.

पहिल्या आठवड्यातली ती उजळी नीट समजून घ्या. स्टिरॉइडनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा फिका दिसतो. स्टिरॉइडच्या मलमाचा जोर किती, हे 1962 पासून याच फिकेपणावरून तपासतात. आरशातल्या ज्या गोरेपणावर बाई खूश होते, तो औषधाच्या जोराचा पुरावा असतो. वांग कमी झाला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

महिने लोटले की कातडी पातळ होते. गालावर लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, मुरमं उठतात, हनुवटीवर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद होतो आणि अशी आग होते की पुन्हा तीच ट्यूब लावावीशी वाटते. सावकाराचं व्याज भरायला त्याच्याकडूनच कर्ज काढावं, तसा हा फेरा. त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला नावच दिलंय: स्टिरॉइडनं बिघडलेला, स्टिरॉइडवाचून न राहणारा चेहरा. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर कुणाकुणाच्या गालावर निळसर काळे डाग उमटतात आणि ते निघता निघत नाहीत. डाग घालवायच्या औषधाचे डाग!

हे सगळं कुणाच्या चेहऱ्यावर चाललंय? कापूस वेचणाऱ्या, कांद्याच्या रोपात वाकलेल्या, रस्त्याच्या कामावर खडी टाकणाऱ्या, टू-व्हीलरवर भर दुपारी बँकेत जाणाऱ्या बायकांच्या. वांगाच्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पुष्कळदा उन्हानं मोडलेले लवचीक तंतू दिसतात. मुळात उन्हानं खिळखिळी झालेली ही कातडी, तिला आपण आणखी पातळ करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवतो. त्यात ट्रेटिनॉइनमुळे ऊन जास्तच झोंबतं. ते रात्रीच लावायचं, तेही हरभऱ्याएवढं, हे सांगायला काउंटरवर कुणाला वेळ असतो?

आणखी एक प्रश्न तिथे कधीच विचारला जात नाही, त्याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. वांग पुष्कळ बायकांना गरोदरपणात येतात, आणि गरोदरपणात ट्रेटिनॉइन टाळायचं असतं. "दिवस गेलेत का?" एवढं डॉक्टर विचारतात. काउंटरवर फक्त "सुट्टे आहेत का?" विचारतात.

आकडे बघा. 2011 साली देशभरातल्या 12 केंद्रांमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या 59 टक्क्यांना ते डॉक्टरनं सांगितलंच नव्हतं. दुष्परिणाम किती जणांत दिसले? 392 जणांत, म्हणजे दहातल्या नऊ जणांत. डॉक्टरांनाही यातून सुटका नाही. त्यांनी लिहून दिलेल्यांपैकी 83 टक्के जणांनी जुन्याच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा ट्यूब आणली होती. चिठ्ठीवर "इतके दिवस, मग बंद" असं ठळक लिहायला किती शाई लागते?

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टिरॉइडांच्या मलमांना शेड्यूल एचची सूट बंद केली. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. कायदा झाला. आता तुमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि चिठ्ठी न देता वांगाची ट्यूब मागा. चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटला तर त्याचे आभार माना, आणि यापुढे औषधं त्याच्याकडूनच घ्या. बाकीच्यांकडे अन्न व औषध प्रशासनानं साध्या वेशात गिऱ्हाईक पाठवावं. पुरावा एका दुपारीत गोळा होईल.

वांगाचा खरा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून तो कुणी विकत नाही. रुंद काठाची टोपी, गाल झाकणारा रुमाल, सनस्क्रीन, तेही दर काही तासांनी. नुसतं अतिनील किरण अडवून भागत नाही. डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग गडद करतो, म्हणून लोह ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. शेतमजूर बाईला ते परवडत नाही, हे मला मान्य आहे. मग रोजगार हमीच्या कामावर पाणी आणि सावली देतो तशी टोपी द्या. ती नक्की परवडेल.

ज्यांचा चेहरा आजच लाल झालाय, आग होतेय, त्यांनी शेजारणीचं ऐकून नवी ट्यूब आणू नये. जिल्हा रुग्णालयाची त्वचारोगाची ओपीडी गाठावी. बरं व्हायला काही महिने लागतील, पण बहुतेकींचा चेहरा सुधारतो. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. आत नेमकं काय होतं, हे डॉक्टरला त्यांच्यावरूनच कळेल.