हिरवा मोठा ड्रॅगन

माझं इंग्रजी चुकलं असं म्हणण्याची हिंमत चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणाला झाली नाही. साहेबांची पत्रंसुद्धा माझ्या हाताखालून जायची. ती हिंमत परवा माझ्या सात वर्षांच्या, लीड्सला राहणाऱ्या नातीने केली. व्हिडिओ कॉलवर मी गोष्ट रंगात आणली होती, 'अ रेड बिग बस...'

"आजोबा, बिग रेड बस!"

"का गं?"

"असंच असतं."

फोन ठेवला आणि गुपचूप व्याकरण काढलं. खरंच की! इंग्रजी विशेषणांची रांग साधारण ठरलेली असते: आधी मत, मग आकारमान, वय, आकृती, रंग, मूळ, द्रव्य आणि नामाला खेटून उपयोग. इतकी शिस्त मी रेशनच्या रांगेतही पाहिली नव्हती.

पण ही रांग ओळखीची वाटली. 'सुस्वरूप, उंच, २४ वर्षीय, सडपातळ, गोरी, कोकणस्थ, गृहकृत्यदक्ष मुलीसाठी वर पाहिजे.' ताईसाठी ही जाहिरात मीच लिहिली होती. मत पहिलं, तेही मामाचं, उपयोग शेवटी. द्रव्य तेवढं राहिलं, ते बैठकीत निघालं. शब्दागणिक पैसे पडत म्हणून ताईचं एम.एस्सी. मी खोडलं होतं. त्या व्याकरणाबद्दल तिने मला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नातीने केली तशीच दुरुस्ती इंग्रजी लेखक टॉल्किनच्याही वाट्याला आली होती. सातेक वर्षांचा असताना त्याने ड्रॅगनची गोष्ट लिहिली. 'ग्रीन ग्रेट' नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणायचं, असं आईने सांगितलं. का, ते त्याला कळलं नाही. तो बारा वर्षांचा असताना आई गेली. पोरगा पुढे भाषांचाच प्राध्यापक झाला, आणि १९५५ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, कवी ऑडनला लिहिलेल्या पत्रात त्याला आठवली ती गोष्ट नव्हे, आईची ती दुरुस्ती.

काल नात पुन्हा स्क्रीनवर आली. "आजोबा, तुझा मोठा पांढरा मिशी!"

रांग बिनचूक. लिंग मात्र तिन्ही ठिकाणी घसरलेलं. मराठी विशेषणांना रांगेत बरंच पुढेमागे होऊ देते, फक्त नामाशी जमवून घ्या म्हणते. इतकं गोड चुकलेलं दुरुस्त करू नये, असं वाटलं.

मग दुरुस्त केलं. "तुझी मोठी पांढरी मिशी."

"का?"

"असंच असतं."

साठ वर्षांनी तिला माझं काहीतरी आठवायला नको?