वजनदार गृहस्थ

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कुठल्याही सोसायटीत हे काका असतात, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. सकाळी सातला गच्चीवर बनियन आणि हातात चित्रकलेचा ब्रश. साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. फोटोत ताणकाट्याला लोंबकळणारी झुकिनी आणि खाली ‘७४० ग्रॅम’. नमस्कार नाही, सुप्रभात नाही. दुसऱ्या दिवशी ‘९१० ग्रॅम’. बी विंगमध्ये बाळ जन्मल्याची बातमी आली तरी काका आधी वजन विचारतात, आणि आकडा ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते बाळासाठी नसतं. माझं म्हणणं असं, की या गृहस्थांचा भाजीशी काही संबंध नाही. ते वजन पिकवतात.

पुरावा त्या झाडातच आहे. झुकिनी भोपळ्याच्या कुळातली. पूर्वज अमेरिकेतले, आजचं रूप इटलीतल्या बागायतदारांनी दिलेलं. लांब वेल सोडण्यापेक्षा ती झुडपासारखी पसरते, म्हणून कुंडीत मावते, आणि पेरल्यापासून पन्नासेक दिवसांत फळ हाती देते. नर आणि मादी फुलं वेगळी, तीही सकाळी उमलून दुपारच्या आत मिटणारी. सातव्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाशीचा भरवसा नसतो, म्हणून तो ब्रश. इथवर काकांना शंभरपैकी शंभर गुण. पण हे फळ सहा ते आठ इंचांचं असताना, साल कोवळी असतानाच काढायचं असतं. आणखी काही दिवस ठेवलं की साल निबर, बिया टणक आणि आतला गर स्पंजासारखा. शिवाय झाड ती बी पोसण्यात गुंतून नवीन फळं धरायला कुचराई करतं. काकांना हे सगळं ठाऊक आहे. लिफ्ट तळमजल्यावर पोहोचेपर्यंत ते हेच तर समजावतात. तरीही वेळेवर काढत नाहीत, कारण २०० ग्रॅमच्या फोटोला अंगठा कोण दाखवणार? दीड किलो झाल्यावर काढतात, घरात खाणारी माणसं दोन, आणि मग आपल्या दाराची बेल वाजते.

यावर काकांचा पक्ष घेणारे म्हणतील, घरची आहे, ताजी आहे, बिनऔषधाची आहे, स्वस्त पडते. ताजेपणा मान्य, वेळेवर काढली असती तर. औषधाचं म्हणाल तर भुरी आणि फळमाशी या दोघींना गच्चीचा जिना सापडतो आणि काकांना फवारणीचा पंप. स्वस्ताईचा हिशेब मात्र कोकोपीट, गांडूळखत, संकरित बियाणं आणि ताणकाटा धरून मांडावा. वाशीच्या बाजारातून ती टॅक्सीने आणलेली परवडेल. फुकट वाटतात ना, असाही एक बचाव आहे. पण आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि काका झुकिनीच्या फोडी डब्यातूनच पाठवतात. अख्खी विंग कोथिंबीरवड्यांच्या कर्जात. अमेरिकेत ८ ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा दिवस म्हणून थट्टेने साजरा होतो. तिथले लोक निदान पळतात! काका उंबऱ्यात उभे राहून वजन सांगतात. अर्थात पनवेलच्या ८ ऑगस्टला काकांकडे वाटायला काहीच नसतं. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात हे झाड कुजतं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावं. काका जूनमध्येही लावून बघतात.

एक आक्षेप मात्र असा थट्टेवारी नेता येत नाही: झाड लावणाऱ्या माणसाला कशाला हसायचं? आणि तेही इथे? १९७० साली सिडको आली, नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण, ठाण्याकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्याविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याला शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मेले, मग मोबदला म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. जिथे भात पिकत होता तिथे आज पार्किंग आहे, आणि तिथल्याच सातव्या मजल्यावर माती गोणीतून, विकत घेऊन, लिफ्टने चढते. या गच्चीवर इटालियन भोपळा वजन करून बघणारा माणूस हास्यास्पद असेलही, पण त्या सबंध व्यवहारात सर्वात हास्यास्पद तो नक्कीच नाही. यांतले कितीतरी काका गिरगाव-दादरची खोली विकून इथे आले, आणि त्याआधी माणगाव-चिपळूणकडचं अंगण सोडून. तिथल्या मांडवावर शिराळी, घोसाळी, पडवळं लोंबायची आणि कुणी ती तोलत नसे. वजनाचा संबंध यायचा तो एवढाच, की पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधत. खाणारी दहा तोंडं होती तिथे ताणकाट्याची गरज नव्हती. आता मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, भाजी खाणारं कुणी नाही, तेव्हा निदान ती किती झाली हे कुणाला तरी सांगायचं असतं. आणि कुरिअरवाला सोडला तर आपल्या दाराची बेल हल्ली वाजवतं कोण?

तेव्हा डबा घ्या. वजन विचारा, ते उत्तर तयार ठेवूनच आलेले असतात. निबर झुकिनीतल्या बिया काढून टाका, ती किसून, पिळून थालीपिठाच्या पिठात मळा, बरी लागते. कडू लागली तर मात्र टाकून द्या, भोपळ्याच्या कुळातला कडवटपणा पोटाला बाधतो. आणि डबा परत करताना वड्यांऐवजी शिराळ्याचं आणि पडवळाचं बी द्या. जूनमध्ये हेच लावा म्हणावं.