क्विंटलवरचा सायकलस्वार

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार गावांच्या आद्याक्षरांतून ज्याचे नाव तयार झाले त्या कसमादे पट्ट्यात, आणि त्यातही देवळा तालुक्यात, पहाटे रोड बाइक घेऊन, म्हणजे अरुंद टायरची, खाली वळलेल्या हँडलची आणि मुळात शर्यतीसाठी घडवलेली सायकल घेऊन, बाहेर पडणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांचा एक वर्ग अलीकडच्या काळात स्थिरावला आहे. त्यांतील बहुसंख्य सडपातळ असतात, दुकानदार देईल ते चाक वापरतात आणि चहाच्या वेळेपर्यंत घरी परततात, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. अभ्यासाचा विषय आहे तो त्यांच्यातला एक पोटवर्ग, ज्याचे वजन एका क्विंटलच्या वर असते, ते ओढण्याइतकी ताकदही ज्याच्या मांड्यांत असते, आणि पुढची चाकजोडी कोणती घ्यावी या प्रश्नाने ज्याची झोप उडालेली असते.

या पोटवर्गाचा प्रतिनिधी घरात आप्पा, बाजार समितीत शेठ आणि सायकलस्वारांच्या गटात 'सर' असतो. तरुणपणी त्याने गावोगावच्या यात्रांतील कुस्त्यांचे फड गाजवलेले असतात, निदान तसे तो सांगतो आणि त्याचा आकार पाहता ते खोडून काढायला कोणी धजत नाही. पुढे बियाणे-औषधांचे दुकान, कांद्याची खरेदी किंवा माध्यमिक शाळेतील नोकरी यांपैकी काहीतरी सुरू होऊन तालीम सुटते, मात्र तालमीतला आहार सुटत नाही. चाळिशीनंतर रक्तातील साखर वाढली की डॉक्टर चालायला सांगतात. परंतु २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० कि.मी.ची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, आणि त्यानंतर या जिल्ह्यातील महत्त्वाकांक्षी मधुमेह्याला नुसते चालणे पुरेसे वाटेनासे झाले. आप्पा सायकल घेतात. पहिले काही दिवस रस्त्यात भेटणारी ओळखीची माणसे 'काय व्हयनं आप्पा, गाडी बिघडनी का?' असे अहिराणीत, आणि खऱ्या काळजीने, विचारतात.

वजन या विषयावर प्रस्तुत प्रतिनिधीची भूमिका गुंतागुंतीची असते. कांद्याच्या तोलात कोणी किलोभर घट धरली तर तो दिवसभर भांडू शकतो, पण स्वतःचे वजन सांगताना तो 'शंभरच्या आसपास' अशी शब्दयोजना करतो व तो आसपास १०८पर्यंत पसरलेला असतो. (आखाजीच्या सुमारास, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस यांच्या हंगामात, हा आकडा विचारूच नये.) चाकांच्या खोक्यात येणाऱ्या पत्रकावर बहुतेक उत्पादक कमाल वजनाची मर्यादा छापतात आणि हलक्या चाकांच्या बाबतीत ती ११० ते १२० किलोंच्या घरात असते, हे पत्रक हाती पडले की आप्पा एखाद्या मुरलेल्या वकिलाप्रमाणे त्याचा अर्थ लावू लागतात. ही मर्यादा स्वाराची की स्वार आणि सायकल मिळून, न्याहारीपूर्वीची की नंतरची, ती ओलांडल्यास चाक लगेच मोडते की उत्पादकाने आपल्या बचावासाठी थोडी सवलत हाताशी राखलेली आहे, असे प्रश्न ते उपस्थित करतात आणि प्रत्येकाचे उत्तर स्वतःला अनुकूल लावून घेतात.

या माणसाच्या हट्टामागील भौतिकशास्त्र समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर हसणे अन्यायाचे ठरेल. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेला बाजूला सारण्यात खर्च होते आणि हवेचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून देवळ्याहून गिरणेकाठच्या लोहोणेरकडे जाताना आप्पा पुढे असतात आणि सडपातळ मंडळी त्यांच्या रुंद पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला, कृतज्ञतेने रांग धरतात. घाटात हिशेब उलटतो. आप्पांचे १०८ किलो, सायकलचे ९ आणि पाणी व अवजारांचे ३ मिळून १२० किलोंचा ऐवज ८ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर अंतरात ८ मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, ताशी १० कि.मी. वेगाने न्यायचा, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २६० वॅट लागतात; शेजारून चाललेल्या ६० किलोंच्या शिक्षकाला त्याच वेगासाठी १६०ही लागत नाहीत. याचा अर्थ असा की चांदवडच्या रस्त्यावरील भावडबारी घाटात मागे पडत असतानाही आप्पा त्या टोळक्यातील सर्वांत शक्तिमान गृहस्थ असतात. ही गोष्ट शास्त्रदृष्ट्या खरी आहे आणि ती ते प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगतात.

मागे पडण्याचे कारण आपल्या शक्तीत नाही हे सिद्ध झाले, आणि देहाकडे पाहायचे नाही असे ठरले, की संशयित म्हणून चाके तेवढी उरतात. मग कार्बनच्या चाकांचा शोध सुरू होतो, ज्यांची रिम, म्हणजे बाहेरचे कडे, ५० मि.मी. उंच असते, ज्यांना पुढे १८ किंवा २० आणि मागे २४ स्पोक असतात, आणि ज्यांची जोडी साधारण १,४०० ग्रॅम भरते. साध्या अॅल्युमिनियमची भरपूर स्पोकांची जोडी १,९०० ग्रॅमच्या आसपास जाते. हा अर्धा किलोचा फरक १२० किलोंच्या एकूण भाराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने तासभराच्या चढाईत त्यातून सुमारे १५ सेकंद वाचतात. त्यावर आप्पांचे उत्तर तयार असते, की फिरणाऱ्या भागाचे वजन दुप्पट मोजावे लागते. वेग वाढवताना रिमच्या वजनापुरते हे जवळजवळ बरोबर आहे, पण एकसारख्या गतीने घाट चढताना त्याला अर्थ उरत नाही, आणि आप्पा घाटात वेग वाढवताना आजवर कोणाच्या पाहण्यात आलेले नाहीत.

चाकाच्या पोटात काय चालते हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण जड स्वाराचे सारे दुःख तेथे साठलेले असते. सायकलचे चाक बैलगाडीच्या चाकासारखे आऱ्यांवर उभे राहत नाही, ते ताणलेल्या बारीक तारांच्या जोरावर गोल राहते. सुंभाने विणलेल्या बाजेवर बसल्यावर भार ज्याप्रमाणे पेडापेडांत वाटला जातो आणि पेड विरळ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अधिक येतो, तसाच हा प्रकार आहे. चाक फिरताना जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण क्षणभर उतरतो आणि वर येताच पूर्ववत होतो. हे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४७० फेरे घेते, म्हणजे २०० कि.मी.च्या प्रवासात प्रत्येक स्पोक ९०,००० हून अधिक वेळा सैल आणि ताठ होतो, व जितका स्वार जड आणि स्पोक कमी, तितका हा चढउतार मोठा. धातू अशा हेलकाव्यांनी थकतो आणि शेवटी स्पोक तुटतो तो बहुधा हबच्या, म्हणजे मधल्या तुंब्याच्या, भोकाशी जेथे त्याला वाक दिलेला असतो तेथे. मागच्या चाकाची अवस्था आणखी बिकट, कारण गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे व फार ताठ, तर डावीकडचे तिरपे व बरेच ढिले ठेवावे लागतात, भाराचा मोठा वाटा त्याच चाकावर येतो, आणि आप्पांच्या पेडलचा झटकाही तेच सोसते. हा झटका हबपासून रिमपर्यंत पोहोचवण्यासाठी स्पोक सरळ त्रिज्येच्या रेषेत न लावता एकमेकांना छेदत तिरपे लावावेत ही युक्ती कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ साली पेटंट केली, आणि ताकदवान माणसाच्या मागच्या चाकासाठी प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना छेदून नेण्याची रीत आजही सर्वांत भरवशाची मानली जाते.

हे सारे गावातल्या जुन्या सायकल मिस्त्रीला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. आप्पा उत्सुकतेपोटी त्याच्याकडे जातात तेव्हा तो चाक हातात धरून फिरवतो, लगतच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबून पाहतो आणि आजवर सल्ला देणाऱ्यांपैकी कोणीही न विचारलेला प्रश्न विचारतो, 'आप्पा, वजन किती तुमचं?' उत्तर ऐकून तो म्हणतो, 'शंभर नका सांगू, खरं सांगा. छत्तीस तारांची रिम घ्या, तारा दोन टोकांना जाड आणि मध्ये बारीक अशा घ्या, निपल पितळी घ्या, मी विणून देतो.' हा सल्ला अचूक असतो. मधे बारीक केलेली तार थोडी लवचिक राहून झटका शेजाऱ्यांत वाटते व वाकाशी कमी थकते, पितळी निपल, म्हणजे रिममध्ये स्पोक कसणारी छोटी नट, लवकर झिजत नाही, आणि ३६ पैकी एक तुटली तरी चाक घरापर्यंत येते. परंतु या सल्ल्यात प्रतिष्ठा नसते. ब्रिटिश धाटणीच्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, तिच्यावर दुधाचे कॅन वाहिले गेले, आणि आपल्या शर्यतीच्या यंत्राने दूधवाल्याच्या सायकलकडे झुकावे ही कल्पना आप्पांना मानवत नाही. मिस्त्री चाके विणण्याचे मूल्य म्हणून जी रक्कम सांगतो तीही इतकी थोडी असते की तिच्यावर विश्वास बसत नाही.

कार्बनची जोडी लाखभराची असते. कसमादेत कोणतीही रक्कम शेवटी कांद्यात मोजली जाते, तेव्हा क्विंटलला १,५०० रुपये भाव धरला तर हा ६६ क्विंटल माल झाला, आणि घरातील बाईंनी हे गणित करू नये म्हणून आप्पा ती किंमत नाशिकच्या कामांच्या खर्चात विखरून टाकतात. बाईंनी गणित केलेलेच असते.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो सगळीकडे सारखाच घडतो. आप्पा नव्या चाकांवर ब्रेव्हेला नाव देतात. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक मुदतीत लांब अंतर कापण्याचा उपक्रम, त्याला पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेची मान्यता असते आणि २०० कि.मी.साठी साडेतेरा तास मिळतात. सरावात भावडबारीच्या एका वळणावर ते पेडलवर उभे राहतात, टणकन आवाज होतो, आणि मागे थोडेच स्पोक असल्याने एकाच्या जाण्याने रिमला एवढा आऊट येतो, म्हणजे ती इतकी एका बाजूला ओढली जाते, की ती ब्रेकच्या रबराला घासून चाक अडते. तो स्पोक चपटा, ठरावीक लांबीचा आणि परदेशी असल्यामुळे देवळ्यात मिळत नाही, चांदवडला मिळत नाही, नाशिकला मागवावा लागतो. कांदा उतरवून परतणारी एखादी पिकअप थांबते, रिकाम्या गोण्यांवर सायकल आडवी ठेवली जाते, आणि चालक गावापर्यंत चाकांची किंमत विचारत राहतो.

यापेक्षा गंभीर प्रकार उतारावर घडू शकतो आणि येथे थट्टा आवरती घेतलेली बरी. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा सुमारे १० कि.मी.चा घाट उतरताना १२० किलोंचा भार दर १०० मीटर उंचीमागे सुमारे ११८ किलोज्यूल ऊर्जा सोडतो, आणि वळणावळणावर ब्रेक दाबत उतरले तर तिचा मोठा भाग उष्णता होऊन रिममध्ये जातो. अॅल्युमिनियम ही उष्णता चटकन पसरवून हवेला देते. कार्बनच्या धाग्यांना जोडणारे राळेसारखे द्रव्य मात्र फार तापल्यास मऊ पडते. म्हणून जड स्वाराने कार्बन घ्यायचेच असेल तर डिस्क ब्रेकची, म्हणजे हबजवळच्या वेगळ्या चकतीवर ब्रेक लागणारी, सायकल घ्यावी. टायरही २५ मि.मी.चा न घेता ३२चा घ्यावा, कारण अरुंद टायर त्याच्या वजनाखाली खड्ड्यात रिमपर्यंत दबून ट्यूबला दोन भोके पाडून घेतो. सराटा आणि बाभळीचे काटे यांच्यापुढे मात्र जाड-बारीक असा भेद चालत नाही.

वर्षभरात तीनदा स्पोक बदलल्यावर आप्पा एका संध्याकाळी, दुकाने बंद होता होता, मिस्त्रीकडे जातात आणि ३६ तारांची जोडी विणून घेतात, मात्र ती 'पावसाळ्यापुरती' असल्याचे चारचौघांत जाहीर करतात. त्यानंतर चाक तुटल्याचे ऐकिवात येत नाही, पावसाळे येतात आणि जातात, व ती जोडी सायकलवरच राहते. कार्बनची चाके भाच्याला दिली जातात. तो ५५ किलोंचा असतो, नाशिकच्या महाविद्यालयात शिकत असतो, आणि सुटीत घरी आला की भावडबारीत मामांना पहिल्याच वळणावर मागे टाकून वर जाऊन बसतो. आप्पा घामाघूम होऊन पोहोचतात, सायकल झाडाला टेकवतात आणि सोबत्यांना त्याच्या चाकांकडे बोट दाखवून सांगतात की, पाहा, चाके हलकी असली की घाटात किती फरक पडतो.